साबण संपेपर्यंत

मी दाढीचा ब्रश. मला बोलायला तोंड नाही, पण तोंडं मात्र मी इतकी पाहिली आहेत की तेवढी एखाद्या पुढाऱ्यानेही पाहिली नसतील. मऊ, खरबरीत, देवीच्या वणांची, दुहेरी हनुवटीची. डोळे मिटून ती माझ्यापुढे यायची आणि मी त्यांना पांढरंफेक करून सोडायचो. आज मी जिथे पडलो आहे तिथे तोंड नाही, पाणी नाही आणि साबण तर नाहीच नाही. वाळून पार काथ्या होण्याआधी म्हटलं, सांगून टाकावं.

माझा जन्म एका अंधाऱ्या, सरसाच्या वासाने भरलेल्या कारखान्यात झाला. माझे केस डुकराचे. यात लपवण्यासारखं काही नाही. चांगल्या ब्रशाचे तेच असतात. ते उकळले, धुतले, विंचरले, मग ओळीने बसलेल्या बायकांनी लांबीप्रमाणे निवडून त्यांचा जुडगा बांधला आणि लाकडी मुठीत सरस ओतून तो घट्ट बसवला. नवा होतो तेव्हा मला उग्र वास यायचा आणि केस ताठ होते. पहिले काही दिवस मी गालांना टोचलोसुद्धा. पण साबणपाण्यात राहून राहून केसांची टोकं फुटली, मऊ झाली. आमच्या जातीचं असंच असतं. झिजल्याशिवाय आम्ही उपयोगी पडत नाही.

मला विकत घेतलं ते एका सलूनवाल्याने. सगळे त्याला दादा म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. लग्न त्याने केलं नव्हतं. दोन खुर्च्यांचं सलून. एका खुर्चीवर तो आणि दुसरीवर त्याचा कारागीर. दादाला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्याचा वस्तरा आणि दुसरा फेस. “वस्तरा कोणीही चालवेल,” असं तो म्हणायचा, “फेस करून दाखवा आधी.”

फेसाची परीक्षा घ्यायची त्याची एक रीत होती. वाटीत मला घोळवून झालं की तो फेसाचा एक गोळा डाव्या मनगटावर ठेवायचा आणि हात उलटा करायचा. गोळा पडला तर साबण नापास. नाही पडला तर त्यात फुंकर मारायचा आणि बुडबुडे बघायचा. मोठे बुडबुडे दिसले की तोंड वाकडं करायचा. “हा नुसता बडबड्या आहे. गालावर पोचेपर्यंत दमून जाईल.”

आणि खरंच, साबण माणसांसारखेच असतात हे मी त्याच्याकडेच शिकलो. लिंबाच्या वासाची हिरवी वडी यायची. ती पाणी दाखवताच उसळायची, वाटीबाहेर यायची, पण उजवा गाल होईपर्यंत डावीकडचा फेस वाळून पापुद्रा व्हायचा. चंदेरी कागदातली कांडी होती. ती सुरुवातीला हट्टी, घासघास घासावी तेव्हा कुठे दूध सोडायची, पण एकदा सुटली की दोन दाढ्या होईपर्यंत हलायची नाही. एक गुलाबी वडी होती, तिला नुसता वास होता आणि बाकी बोंब. आणि एक जाड, पांढरी, बिनवासाची वडी होती. दादाचा सगळ्यात जीव तिच्यावर. “ही बघ,” तो कारागिराला म्हणायचा, “दिसायला साधी, पण फेस कसा, जसं काही लोणी लावतोय.”

साबण अर्धा झाला तरी तो टाकायचा नाही. झिजलेल्या चकत्या डब्यात ठेवायचा. पण नवा साबण बाजारात आला की चाखून पाहिल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. त्यामुळे डब्यात अर्धवट साबणांची नुसती दाटी झाली होती.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

सगळ्यांत आधी ते मला कळलं, कारण मी त्याच हातात असायचो. वाटीच्या कडेवर माझी मूठ उगाच टकटक वाजायची. “थंडी आहे,” तो म्हणायचा. पुढे उन्हाळ्यातही ती टकटक थांबली नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. गिऱ्हाईक जुनं होतं, भला माणूस. तुरटी लावून घेतली आणि गेला. पुढच्या खेपेला आला तेव्हा दादाची खुर्ची रिकामी होती, तरी तो बाकावर बसून राहिला.

“या की,” दादा म्हणाला.

“नाही, बसतो जरा. पेपर वाचायचाय.” आणि कारागिराची खुर्ची रिकामी होताच पेपर टाकून उठला.

हळूहळू सगळ्यांनाच पेपर वाचायची गोडी लागली. दादा दिवसभर वाटीत फेस करायचा आणि तो वाटीतच बसून जायचा. शेवटी त्याने सलून कारागिराला देऊन टाकलं. घरी नेलं ते फक्त वस्तरा, त्याला धार लावायचा चामडी पट्टा, मला आणि तो साबणांचा डबा.

घर म्हणजे धाकट्या भावाचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. धाकटा एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताला उभा असायचा. इस्त्रीचा कोट, गुळगुळीत चेहरा आणि दिवसभर हसू. त्याची बायको घरीच कपडे शिवायची. दादा तिला ‘टेलरबाई’ म्हणायचा. घरात दिवसभर तिच्या मशीनचा आवाज असायचा.

दादा पहिले काही दिवस खिडकीशी बसून राहिला. जेवायला हाक मारली की उठायचा, पुन्हा तिथेच. धाकट्याला ते बघवेना. एके सकाळी तो बनियनवर येऊन दादासमोर स्टुलावर बसला.

“दादा, एवढे साबण आणलेस ते काय दिवाणखान्यात मांडायला? माझी दाढी करत जा रोज. साबण संपेपर्यंत.”

“आणि संपल्यावर?”

“संपल्यावर माझी मी करीन. तोपर्यंत तू. वाया कशाला घालवायचं?”

दादाने डब्याचं झाकण उघडलं. आत डोकावून धाकट्याचा चेहरा जरा उतरला. त्याला वाटलं होतं, चार-दोन वड्या असतील.

“आता मागे फिरायचं नाही हं,” दादा म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

तसं आमचं पुन्हा सुरू झालं. खिडकीशी स्टूल, धाकट्याच्या गळ्यात टॉवेल, गरम पाण्याची वाटी. दादाने नियमच केला. एक साबण पूर्ण संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि रोज कालच्याशी आजचा ताडून बघायचा. धाकट्याच्या तोंडाला फेस असल्यामुळे त्याला बोलता यायचं नाही, म्हणून दोघांचंही दादाच बोलायचा.

“कालच्यापेक्षा कसा वाटतो?”

“ऊं.”

“ऊं म्हणजे?”

“सारखाच,” धाकटा ओठांच्या फटीतून म्हणायचा.

“सारखाच? अरे तोंड आहे का भिंत? टेलरबाई, तुझ्या नवऱ्याला मलमल आणि गोणपाट सारखंच लागतं बघ. जपून शिव त्याचे कपडे.”

मशीनमागून ती हसायची. तेव्हा ती हसत असे.

हात हवेत असेपर्यंत थरथरायचा. पण वस्तरा गालाला टेकला की शहाण्या पोरासारखा गप्प व्हायचा. दादाला त्याचा भरवसा होता. धाकट्यालाही होता. लिंबाची हिरवी संपली, गुलाबी संपली. मग एक दिवस हात गालावर टेकूनही गप्प झाला नाही.

हनुवटीखाली बारीकशी लाल रेघ उमटली. मग काही दिवसांनी जबड्याच्या कोपऱ्यावर. मग कानाखाली. दादा तुरटी लावायचा, टॉवेलच्या टोकाने टिपायचा आणि साबणाला दोष द्यायचा. “फेसात दम नाही याच्या. वस्तरा घसरतो.” हॉटेलात साहेबाने धाकट्याला विचारलं, “मांजर पाळलंय का घरी?” धाकट्याने घरी येऊन बायकोला ते हसतहसत सांगितलं. ती हसली नाही.

“तुम्ही सांगा ना त्यांना.”

“काय सांगू? खुर्चीवरून उठवलं लोकांनी त्याला. आता मीही उठवू?”

“आज कानाखाली होतं. उद्या गळ्यावर—”

“संपतील गं साबण. तोपर्यंतचा तर प्रश्न आहे.”

हे बोलणं मोरीच्या दाराशी झालं. मी तिथेच फळीला उलटा टांगलेला होतो. दादा खाली, इमारतीच्या दाराशी बाकावर, शेजाऱ्यांशी गप्पा मारत होता. त्या एका वाक्याने घराची घडी कशी विस्कटली ते मी पाहिलं, कारण ती ते वाक्य विसरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, दादा फेरी मारायला गेला की, मशीन थांबायचं. ती मोरीत यायची. चालू साबण वाटीत ठेवायची, वर पाणी ओतायची आणि दार ओढून घ्यायची. थोड्या वेळाने येऊन वरचा बुळबुळीत थर बोटांनी खरवडून मोरीत सोडायची. मग साबण पुसून जागच्या जागी. ती दुष्ट नव्हती. हे करताना ती सारखी दाराकडे बघायची. संध्याकाळी मात्र दादाच्या ताटात सगळ्यात आधी आणि सगळ्यात गरम तीच वाढायची.

इकडे दादाचं उलटंच चाललं होतं. साबण पुरवायचा त्याला ध्यास लागला होता. मला नीट झटकून, जेमतेम ओला ठेवून वडीवर दोनच फेरे द्यायचा. वाटीच्या कडेला लागलेला फेससुद्धा बोटाने ओढून घ्यायचा. वडी झिजून चकती झाली की ती पुढच्या वडीच्या पाठीला ओली करून चिकटवायचा. ही सलूनवाल्यांची जुनी सवय. सकाळी एक माणूस साबण वाचवत होता आणि दुपारी दुसरं माणूस तोच साबण मोरीत सोडत होतं. दोघांच्याही मनात एकच होता, समोर टॉवेल बांधून बसणारा. आणि तो बिचारा दोन्हीकडून गप्प.

चंदेरी कागदातली कांडी, जी महिनोन् महिने झिजायची नाही, ती बघता बघता आटली. दादा चक्रावला. “पूर्वी कशी दगडासारखी होती! आता आतून पोकळ करतात मेले.” मग आली ती जाड पांढरी वडी, त्याची लाडकी. त्याने ती मुद्दाम मागे राखली होती. पहिल्या दिवशी फेस मनगटावर उलटा धरून त्याने धाकट्याला दाखवला, टेलरबाईला दाखवला. “हिला आता मरण नाही.”

रोज दुपारी भिजून भिजून ती वडी गिच्च झाली. सकाळी मी तिच्यावर फिरलो की माझ्या केसांना चिकट लगदा लागायचा. फेस व्हायचा तो पाणचट, राखेसारखा. मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत जायचा. दादा ओघळाकडे बघत राहायचा.

“हीसुद्धा फसवी निघाली,” एकदा तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की धाकट्याने डोळे उघडले. “जन्मभर लोकांना हिची शिफारस केली मी. मलाच कळत नव्हतं म्हणायचं.”

मला तेव्हा तोंड असतं तर! हात गेलाच होता. आता आपल्याला साबणातलंही कळत नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं. कारागीर एकदा भेटायला आला आणि नवीन साबण दाखवून म्हणाला, “दादा, फेस बघा जरा, घेऊ का दुकानात?” दादाने वडीला हातही लावला नाही. “तुझं तूच ठरव. माझा अंदाज चुकतो हल्ली.” टेलरबाई चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली, मग कप ठेवून आत गेली. त्या दिवशी दुपारी ती मोरीत आली, वाटी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. सकाळी गळ्याच्या घाटीजवळ रेघ उमटली होती. तिने पाणी ओतलं.

डब्यात शेवटी उरल्या नुसत्या सलूनमधल्या जुन्या चकत्या. दादाने त्या सगळ्या गरम पाण्याच्या वाफेवर मऊ करून, हाताने दाबून एका पत्र्याच्या पेल्यात बसवल्या. हिरवी, गुलाबी, पांढरी, सगळ्यांचा मिळून एक ठिपक्याठिपक्यांचा गोळा. “आता हा गेला की संपलं,” तो धाकट्याला म्हणाला. धाकट्याने मान हलवली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आणि काय सांगू, त्या गोळ्याने पहिल्याच सकाळी असा फेस दिला की मी स्वतः थक्क झालो. लिंबाची उसळी, कांडीचा दम, पांढऱ्याचा मऊपणा. मनगट उलटं केलं, झटकलं, तरी गोळा पडेना. दादा खुळ्यासारखा हसला. “हा पुरेल रे! नीट वापरला तर हा खूप पुरेल.”

ते ऐकून मशीन थांबलं.

त्या दुपारी दादा जिना उतरला आणि चष्मा राहिला म्हणून परत वर आला. मोरीचं दार नुसतं ओढलेलं होतं. त्याने ढकललं. टेलरबाई उकिडवी बसली होती, पेला मांडीशी धरलेला, मनगटापर्यंत हात बुळबुळीत साबणाने माखलेले. मोरीच्या तोंडाशी तीन रंगांचा फेस फिरत होता.

दादाने वाकून त्या फेसाकडे पाहिलं.

मग दादा म्हणाला, “गार पाणी घेतलंस होय? गरम घ्यायचं. लवकर विरघळतो.”

ती रडायला लागली. “दादा, मला तुमचा राग नाही हो. पण त्यांचा गळा… रोज सकाळी तुम्ही वस्तरा उघडता आणि माझी सुई बोटात जाते.”

“कधीपासून?”

“कांडी होती तेव्हापासून.”

“म्हणजे पांढरी फसवी नव्हती.”

“नाही. चांगली होती ती.”

दादाने उंबऱ्यावर बसून घेतलं. त्याचा हात मांडीवर एकटाच नाचत होता. “अगं, मला काय दिसत नव्हतं? रोज वस्तरा त्याच्या गळ्याशी आला की देवाचं नाव घ्यायचो. संपू दे बाबा हे, असं म्हणायचो. आणि लगेच दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरा द्यायचो. संपू नये म्हणून.” मग पेल्याकडे बघून तो म्हणाला, “मला एकदा म्हणाली असतीस तर मी ठेवला असता वस्तरा. साबणाला कशाला मारलंस?”

तिने पेला फळीवर ठेवला आणि हात पदराला पुसले. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. चष्मा घेतला आणि फेरीला निघून गेला.

सकाळी धाकटा नेहमीसारखा स्टुलावर बसला. पेल्याच्या तळाशी थोडा साबण उरला होता. दादाने पाणी चांगलं गरम करून आणायला सांगितलं. मला बराच वेळ भिजत ठेवलं. मग पेल्यात मी फिरलो, आणि या वेळी काही हातचं राखून नाही. तळ खरवडून त्याने फेस काढला. गाल, हनुवटी, ओठावर, कानाशी, गळ्याच्या घाटीवर तो मला फिरवत राहिला. एक हात झाला, पुन्हा दुसरा दिला. खालून वर, गोल, आडवा. माझ्या मुठीवर त्याचा हात थरथरत होता. पण ब्रशाला थरथरीने काही बिघडत नाही, उलट फेस दाटच होतो. धाकट्याचे डोळे मिटलेले होते. त्याच्या लहानपणी त्याला आंघोळ घालणारा हात हाच असावा, असं तेव्हा मला उगीचच वाटलं.

दादाने वस्तरा उघडला, पट्ट्यावर चार वेळा ओढला, उजेडात धरला. धाकट्याने सवयीने मान मागे टाकली.

दादाने वस्तरा मिटला. टॉवेलचं टोक घेतलं आणि तो सगळा फेस पुसून काढला. गाल, हनुवटी, गळा, सगळं.

“झालं,” तो म्हणाला. “साबण संपला.”

धाकट्याने डोळे उघडले. गालावरून हात फिरवला. खुंट तसेच होते. “अरे, पेल्यात आहे की अजून थोडा—”

“संपला म्हणतो ना. ठरलं होतं आपलं.”

धाकट्याने मशीनकडे पाहिलं. टेलरबाई मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती आणि तो जात नव्हता. त्याला काय कळायचं ते कळलं. तो उठला, कोट घातला आणि तसाच खुंटांसकट कामावर गेला.

आता तो दोन पात्यांच्या प्लास्टिकच्या रेझरने, डब्यातून फुसकन निघणारा तयार फेस लावून दाढी करतो. एकदा दादाने मोरीच्या दारातून विचारलं, “कसा आहे रे फेस?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे? बुडबुडे मोठे का बारीक?”

“बघितलं नाही रे दादा. उशीर होतोय.”

दादाने पुन्हा विचारलं नाही. त्याने स्वतःची दाढी करणं सोडलं आहे. त्याची दाढी छातीपर्यंत आली आहे, पिवळट आणि वेडीवाकडी. जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या गालावर खुंट राहू दिला नाही, तो असा. धाकट्याने एकदा साबणाची नवी वडी आणून समोर ठेवली. “बस, मी करतो तुझी.” दादाने वडी हुंगली, परत कागदात गुंडाळली. “बाजारात परत दे. आता आपल्याला चकत्या साठवायच्या नाहीत.”

मला टेलरबाईने मशीनजवळ ठेवलं आहे. बॉबिनच्या खाचेत अडकलेले धागे आणि कापडाचा भुसा झटकायला मी चांगला, असं तिला आढळलं. ती मला हळू धरते, कधी कधी उगाचच हातात घेऊन बसते. माझे केस गळतात. मशीनचं तेल लागून टोकं काळी पडली आहेत. आता पाण्यात टाकलं तरी मी उमलेन असं वाटत नाही, आणि कोणी टाकणारही नाही.

तुमच्यापाशी माझं मागणं थोडंच आहे. ब्रश म्हातारा झाला तर खुशाल फेकून द्या; आम्हाला वाईट वाटत नाही. पण तुमच्या घरात एखाद्याच्या हातून त्याचं काम काढून घ्यायची वेळ आली, तर त्याच्यासमोर बसा आणि सांगा. तो रागावेल, रडेल, दोन दिवस जेवणार नाही. तरी सांगा. दादाच्या हातून काम जायचंच होतं, ते कोणी थांबवू शकलं नसतं. पण आपल्याला साबणातलंही कळत नाही, असं समजून त्याने जे दिवस काढले, ते त्याला परत कोण देणार?

बाई येते आहे. मशीन उघडायची वेळ झाली.